मापनयंत्राचा पंखा

इलेक्ट्रॉनिक उपकरणांची परीक्षा घेणारी जी यंत्रे असतात, त्यांचे काम तसे पाहिले तर अगदी निःशब्द असते. विद्युत्दाब मोजणारा मल्टिमीटर, विद्युत्लहरींचे चित्र पडद्यावर उमटविणारा ऑसिलोस्कोप, निरनिराळ्या कंप्रतांचे संकेत निर्माण करणारे संकेतजनित्र, यांच्या कार्यात कोठेही आदळआपट नाही, की चाकांची खडखड नाही. असे असूनही कोणत्याही प्रयोगशाळेत वा दुरुस्तीच्या दुकानात पाऊल टाकताच एक अखंड घरघर कानी पडते. ती असते या यंत्रांच्या पोटात बसविलेल्या छोट्या पंख्यांची. यंत्र नवे असते तेव्हा हा आवाज मंद आणि एकसुरी असतो. चार-सहा वर्षे लोटली की पंखा गुरगुरू लागतो, मग खडखडू लागतो आणि शेवटी यंत्रापुढे दिवसाचे आठ तास बसणाऱ्या तंत्रज्ञाला तो नकोसा होतो.

या गाऱ्हाण्यात तथ्य आहे. हातभर अंतरावरून सतत येणारा कर्कश आवाज मनाची एकाग्रता मोडतो, थकवा आणतो आणि थकलेल्या माणसाच्या हातून मोजमापात चुका होतात. म्हणून जुना पंखा काढून बाजारात मिळणारा एखादा शांत पंखा त्याच्या जागी बसवावा, असे वाटणे स्वाभाविकच होय. हे काम दिसावयास सोपेही आहे. चार स्क्रू काढावयाचे, एक जोडणी सोडवावयाची, नवा पंखा बसवावयाचा. अर्ध्या तासाचा उद्योग! परंतु या अर्ध्या तासात केलेल्या निवडीचे परिणाम पुढे अनेक वर्षे त्या यंत्राच्या आयुष्यावर, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्याच्या मापांच्या खरेपणावर, होत राहतात. आवाज थांबला म्हणून समाधान मानणारा मनुष्य पुष्कळदा हे विसरतो की, पंखा आवाज करण्यासाठी नव्हे तर वारा घालण्यासाठी बसविलेला होता. वारा किती कमी झाला हे कानांना कळत नाही.

तेव्हा या यंत्रांना वारा लागतोच कशासाठी, येथून प्रारंभ करणे योग्य ठरेल. भिंतीतील विद्युत्पुरवठ्यातून मापनयंत्र जी ऊर्जा घेते, ती बहुतेक सर्वच्या सर्व अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. निर्वात नळ्यांच्या काळी ही उष्णता फारच मोठी असे. अमेरिकेतील पोर्टलंड येथे १९४६ साली स्थापन झालेल्या टेक्ट्रॉनिक्स या संस्थेने १९५० नंतरच्या दशकात जे मोठे ऑसिलोस्कोप तयार केले, त्यांतील ५४५ सारखी यंत्रे पाचशे वॅटच्या घरात वीज घेत. लहानशा शेगडीइतकी ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्यांच्या पाठीशी पंखा आणि हवा गाळणारी जाळी असे. आतील तपमान प्रमाणाबाहेर गेलेच, तर यंत्र आपोआप बंद करणारा उष्मानियंत्रित खटकाही त्यांत बसविलेला असे. पुढे ट्रान्झिस्टर आले, नंतर एकात्मिक मंडले आली. विजेचा खर्च पुष्कळ घटला, पण यंत्राचा आकारही त्याच मानाने घटला. आजचा टेबलावरचा ऑसिलोस्कोप पन्नास-शंभर वॅटच घेत असेल. पण ती उष्णता एका छोट्या पेटीत दाटीवाटीने बसविलेल्या घटकांत निर्माण होते. त्यामुळे पंख्याची गरज संपली नाही.

किती वारा लागतो, याचे गणित कठीण नाही. एक घनमीटर हवेचे वजन समुद्रसपाटीजवळ सुमारे १·२ किलोग्रॅम असते आणि एक किलोग्रॅम हवा एका अंशाने तापविण्यास सुमारे १००० ज्यूल उष्णता लागते. या दोन आकड्यांवरून असे निघते की, १०० वॅट उष्णता निर्माण करणाऱ्या पेटीतून मिनिटाला अर्धा घनमीटर हवा वाहत असेल, तर बाहेर पडणारी हवा आत शिरणाऱ्या हवेपेक्षा सुमारे १० अंश सेल्सिअसने अधिक उष्ण असेल. हवेचा प्रवाह निम्मा झाला की हा फरक दुप्पट, म्हणजे २० अंश, होईल. बाहेर खोलीचे तपमान २५ अंश असेल तेव्हा हे कदाचित निभावून जाईल. परंतु नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालील दुकानाचे तपमान ४२ अंशांवर गेलेले असते. त्या वेळी निम्म्या वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारी हवाच ६२ अंशांची असेल, आणि ज्या घटकांनी ती तापविली ते तर तिच्याहून कितीतरी अधिक उष्ण असतील. परदेशातील वातानुकूलित खोलीत कोणी एखादा मंद पंखा बसविला आणि त्याचे यंत्र सुखरूप राहिले, एवढ्यावरून आपल्याकडे तसे करणे का धोक्याचे, हे यावरून ध्यानात यावे.

यात स्थळाचाही भाग आहे. पंखा हवेचे आकारमान हलवितो. उष्णता वाहून नेते ती मात्र हवेची वस्तुमात्रा. लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीच्या गावी हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी असते. तेथे पंख्याचे फेरे तेवढेच राहिले, तरी उष्णता वाहून नेण्याची त्याची शक्ती त्या प्रमाणात घटते. राजस्थानातील धूळ जाळ्या भरून टाकते, तर मद्रास-मुंबईकडील खारी दमट हवा धातूंवर गंज चढविते. कारखान्यातून निघताना पंख्याला जी थोडीबहुत शिल्लक शक्ती दिलेली असते, ती अशा ठिकाणी आधीच खर्ची पडलेली असते, हे विसरून चालत नाही.

उष्णतेने यंत्राची हानी दोन प्रकारे होते. पहिली हानी आयुष्याची. विद्युत्पुरवठा स्थिर करण्यासाठी जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरतात, त्यांच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकत जातो. तपमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा या क्षेत्रातील एक ढोबळ पण भरवशाचा नियम आहे. १०५ अंश तपमानावर २००० तास टिकेल असा कपॅसिटर ७५ अंशांवर ठेवला, तर या नियमानुसार तो १६,००० तास टिकावा. ८५ अंशांवर ठेवला तर केवळ ८,००० तास. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस असे काम धरले, तर पहिल्या स्थितीत जवळजवळ सात वर्षे, आणि दुसऱ्या स्थितीत साडेतीन वर्षांहूनही कमी. शांत पंखा बसविल्यावर यंत्र लगेच बंद पडत नाही. ते तीन वर्षांनी बंद पडते, आणि तेव्हा पंख्याची आठवण कोणालाही होत नाही.

दुसरी हानी मापाच्या खरेपणाची, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन संस्थेने १९८९ साली ३४५८-ए नावाचा एक मल्टिमीटर जगापुढे आणला. अत्यंत काटेकोर मोजमाप करणाऱ्या प्रयोगशाळांतून त्याचा मोठा बोलबाला झाला. त्याच्या सर्वांत लहान पल्ल्यावर व्होल्टच्या दहा कोटीव्या भागाइतका, म्हणजे १० नॅनोव्होल्टचा, फरक वाचता येतो. आता गंमत अशी की, तांबे आणि सामान्य सोल्डर यांच्या सांध्याच्या दोन टोकांत एका अंशाचा फरक पडला, तर तेथे एक ते तीन मायक्रोव्होल्टचा विद्युत्दाब आपोआप उत्पन्न होतो. म्हणजे वाचता येणाऱ्या लहानात लहान फरकाच्या शंभरपट वा त्याहूनही अधिक. यासाठी अशा यंत्रात आतील तपमान स्थिर राखण्याला फार महत्त्व असते. चालू केल्यावर चार तास तापू दिल्यानंतरच त्याच्या अचूकतेची हमी लागू होते. तपमान एका अंशाहून अधिक बदलले, तर यंत्राकडून त्याची स्वतःची अंतर्गत जुळणी पुन्हा करवून घ्यावी लागते. ज्या घटकाच्या आधारे ते सर्व दाब मोजते, तो संदर्भ-घटक तर मुद्दाम तापवून एकाच तपमानावर ठेवलेला असतो. या सर्व योजनेत मागील बाजूचा पंखा हा एक भागीदार आहे. तो बदलला की आतील उष्णतेचा तोल बदलतो. यंत्र पूर्वीसारखेच आकडे दाखवीत राहते आणि पाहणाऱ्याचा त्यांवर पूर्वीसारखाच विश्वास बसतो. मात्र त्या आकड्यांचा आधार किंचित सरकलेला असतो.

हे सारे ऐकून पंख्याला हातच लावू नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही चुकीचा ठरेल. खडखडणारा पंखा ही पंखा मरणपंथाला लागल्याची सूचना आहे. तो आज ना उद्या अडकून बसणार, आणि तेव्हा वारा निम्मा न होता पूर्णच थांबणार. म्हणून तो बदलणे आवश्यकच आहे. फक्त ते डोळसपणे केले पाहिजे.

त्यासाठी प्रथम आवाज कसला आहे, याची परीक्षा करावी. पंख्याच्या आवाजाचे मुख्यतः तीन प्रकार असतात. पहिला बेअरिंगचा. यंत्र थंड असताना चालू करताच खरखर होते आणि थोड्या वेळाने ती कमी होते, अशी लक्षणे असतील तर बेअरिंगमधील वंगण सुकले आहे असे समजावे. यंत्राचा पुरवठा तोडून पाती बोटाने हलकेच फिरवावीत. ती अडखळत फिरली वा आसासकट हलली, तर निदान पक्के झाले. दुसरा प्रकार कंपनाचा. पंखा स्वतः ठीक असतो, पण त्याची थरथर पत्र्याच्या पेटीला लागते आणि सारी पेटी ढोलासारखी वाजू लागते. पेटीवर तळहात दाबताच आवाज बदलला, तर दोष येथे आहे. तिसरा प्रकार वाऱ्याचाच. पाती जाळीच्या अगदी जवळून जात असतील, वा गाळणीत धूळ कोंबली गेली असेल, तर वाऱ्याला शीळ घातल्यासारखा आवाज येतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ३५० वेळा एक-एक पाते जाळीच्या प्रत्येक पट्टीसमोरून जाते आणि नेमका तेवढ्याच कंप्रतेचा सूर कानावर येतो.

या परीक्षेचा लाभ असा की, पुष्कळदा पंखा बदलावाच लागत नाही. गाळणी धुऊन वाळविली, पात्यांवरील धुळीचे थर मऊ कुंचल्याने काढले, एखादी पात्याला घासणारी तार बाजूला बांधली, सैल स्क्रू आवळले किंवा पंख्याच्या चार कोपऱ्यांखाली रबराच्या चकत्या घातल्या, की आवाज निम्म्याहून कमी होतो. पत्र्यातच ठोकून काढलेल्या जाळीपेक्षा गोल तारेची जाळी वाऱ्याला कमी अडविते आणि कमी आवाज करते. साध्या नळीसारख्या बेअरिंगमध्ये पातळ यंत्रतेलाचा एखादा थेंब सोडल्यास काही महिने शांततेत जातात. पण तो तात्पुरता उपचार होय. बॉल बेअरिंग एकदा खडखडू लागले की तेलाने बरे होत नाही.

पंखा बदलावयाचाच असे ठरले, तर त्याची कुंडली नीट जुळवून पाहिली पाहिजे. प्रथम माप. ६०, ८०, ९२ आणि १२० मिलिमीटर बाजूचे चौकोनी पंखे सर्रास मिळतात. ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंच्या छिद्रांतील अंतर ७१·५ मिलिमीटर आणि १२० मिलिमीटरच्या पंख्याचे १०५ मिलिमीटर असते. जाडी मात्र निरनिराळी असते, आणि तेथेच पुष्कळदा फसगत होते. मूळ पंखा ३८ मिलिमीटर जाडीचा असताना त्या जागी २५ मिलिमीटरचा पंखा सहज बसतो. परंतु वाऱ्याला जोराने रेटण्याची जाड पंख्याची शक्ती त्याला नसते. नंतर विद्युत्दाब पाहावा. तो बहुधा ५, १२ किंवा २४ व्होल्ट असतो. जुन्या यंत्रांत मात्र थेट घरगुती विजेवर चालणारे पंखेही आढळतात. ६० आवर्तनांच्या अमेरिकन पुरवठ्यासाठी दिलेले फेऱ्यांचे आणि वाऱ्याचे आकडे आपल्या ५० आवर्तनांच्या पुरवठ्यावर लागू पडत नाहीत. येथे तोच पंखा सुमारे एक-षष्ठांशाने मंद फिरतो.

यानंतर तारा मोजाव्यात. दोन तारांचा पंखा केवळ वीज घेतो. तिसरी तार असेल तर ती यंत्राला काही वर्तमान कळवीत असते. बहुतेक पंख्यांत ती प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंद पाठविते; काहींत मात्र ती पंखा अडकला तरच धोक्याचा संकेत देते. दिसावयास दोन्ही तारा सारख्याच. एकीच्या जागी दुसरी जोडली, तर यंत्र पंखा बंद आहे असे समजून चालूच होणार नाही, किंवा पंखा खरोखर बंद पडला तरी ते गप्प राहील. चौथी तार असली, तर तिच्यावाटे यंत्र पंख्याचा वेग कमीअधिक करते. काही यंत्रे खोली थंड असताना पंख्याला मुद्दाम कमी दाब देतात. मूळ पंखा त्या कमी दाबावरही फिरू लागत असे. नवा फिरेलच असे नाही. म्हणून कमी दाबावर तो स्वतः सुरू होतो की नाही, हे टेबलावरच तपासून घेणे शहाणपणाचे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावे. शांत पंखा शांत का असतो? काही अंशी त्याचे बेअरिंग चांगले असते, पात्यांचा आकार सुबक असतो. परंतु बहुतांशी तो शांत असतो, कारण तो हळू फिरतो. पंख्यांचे काही साधे नियम आहेत. वेग जितक्या पटीने घटतो तितक्याच पटीने हवेचा प्रवाह घटतो. परंतु हवा रेटण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. आवाज तर याहूनही झपाट्याने कमी होतो. वेग २० टक्क्यांनी उतरविला तर आवाज सुमारे ५ डेसिबल कमी होतो, पण दाब ६४ टक्क्यांवर येतो. वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो आणि कानांना स्वर्गसुख वाटते. पण प्रवाह निम्मा आणि दाब केवळ एक-चतुर्थांश उरतो. शांततेचे हे मोल होय, आणि ते चुकविता येत नाही.

बाजारात पंख्याच्या वेष्टनावर हवेच्या प्रवाहाचा जो आकडा छापलेला असतो, तोही समजून घ्यावयास हवा. हा प्रवाह पंखा मोकळ्या हवेत, कोणताही अडथळा नसताना मिळतो. यंत्राच्या आत मात्र गाळणी असते, जाळी असते, उष्णता पसरविणारी धातूची पंखवजा पाळी असतात, तारांचे जुडगे असतात. या अरुंद वाटेतून हवा रेटावी लागते. मोकळ्या मैदानात वेगाने चालणारा मनुष्य जत्रेच्या गर्दीत शिरला की त्याचे चालणे खांद्यांच्या जोरावर अवलंबून राहते, पंख्याचेही तसेच. म्हणून प्रवाहाच्या आकड्याइतकाच दाबाचा आकडाही पाहावा, आणि दोन्ही मूळ पंख्याच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. मूळ पंख्याच्या चौकटीवरील अक्षरांवरून त्याचे हे आकडे बहुधा शोधता येतात. नवा पंखा दोन्ही बाबतींत मूळ पंख्याच्या जवळपास असून आवाजात थोडा कमी असेल, तर तो खरा लाभ. आवाजात फारच कमी असेल, तर तो कोठून कमी झाला याची चौकशी करावी. पेटीत जागा असेल तर मोठ्या व्यासाचा पंखा मंद वेगाने फिरविणे हा एक उपाय असतो. ९२ मिलिमीटरचा पंखा ८० मिलिमीटरच्या सारख्याच घडणीच्या पंख्याइतकी हवा सुमारे दोन-तृतीयांश वेगावर देऊ शकतो; पण तेथेही दाब कमी पडतो. म्हणून दाटीवाटीच्या यंत्रात हा उपाय जपून करावा. पंख्याच्या तारेत एक रोधक घालून त्याचा वेग उतरविण्याची युक्ती तर पुष्कळांना सुचते. ती स्वस्त खरी. पण पंखा म्हातारा झाल्यावर, ऐन उन्हाळ्यात, तो एखाद्या सकाळी सुरूच होत नाही.

आणखी एक आवाज असतो. तो कानांना ऐकू येत नाही, पण मापनयंत्राला ऐकू येतो. पंख्याच्या मोटरमधील प्रवाह सतत चालू-बंद होत असतो आणि त्याचे पडसाद पुरवठ्याच्या तारांत उमटतात. मोटरच्या चुंबकामुळे जुन्या ऑसिलोस्कोपच्या चित्रनळीतील किरण किंचित थरथरू शकतो. पंख्याची थरथर क्वार्ट्‌झच्या स्फटिकापर्यंत पोचली, तर त्यापासून मिळणाऱ्या शुद्ध संकेताच्या दोन्ही बाजूंना खोटे संकेत उभे राहतात. यासाठी नवा पंखा बसविल्यावर यंत्राला काहीही न जोडता त्याचा पडदा वा आकडा पाहावा. पूर्वी नसलेली लहर तेथे दिसली, तर कानांना शांत वाटणारा पंखा मापाच्या दृष्टीने गोंगाटी आहे, हे उघड झाले.

प्रत्यक्ष काम करताना जिवाची काळजी पहिली. यंत्राची वायर भिंतीतून काढल्यावरही विद्युत्पुरवठ्यातील मोठ्या कपॅसिटरांत भार साठून राहतो, आणि चित्रनळी असलेल्या जुन्या यंत्रांत हजारो व्होल्टचा दाब असतो. तो भार उतरल्याची खात्री केल्यावाचून आत बोट घालू नये. ज्याला याची सवय नाही, त्याने हे काम जाणत्याकडे सोपवावे. उलट बाजूने, माणसाच्या अंगावरील स्थिर विद्युत् नाजूक मंडलांना मारक असते. म्हणून मनगटाला भूमीशी जोडलेला पट्टा बांधावा. धूळ काढण्यासाठी जोराची हवा मारली, तर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग निकामी होते आणि मोटर स्वतःच वीज निर्माण करू लागते. तेव्हा पाती बोटाने धरून ठेवावीत. जुना पंखा काढण्यापूर्वी तो हवा आत ओढतो की बाहेर फेकतो, हे कागदाचा कपटा जवळ धरून पाहावे आणि टिपून ठेवावे. पुष्कळ पंख्यांच्या चौकटीवर वाऱ्याची दिशा दाखविणारा बाण असतो. पंखा उलटा बसला, तर जी हवा गाळणीतून आत यावयाची ती फटीफटींतून धुळीसकट शिरते, आणि सर्वांत तप्त भागावर सर्वांत थंड हवा पडावी ही मूळ आखणी उलटीपालटी होते.

काम संपले असे कधी म्हणावे? आवाज थांबला म्हणजे नव्हे. पंखा बदलण्यापूर्वीच यंत्र दोन तास चालू ठेवून खोलीचे तपमान, बाहेर पडणाऱ्या हवेचे तपमान आणि शक्य असल्यास आतील दोन-तीन महत्त्वाच्या जागांचे तपमान टिपून घ्यावे. ३४५८-ए सारख्या काही यंत्रांना तर आतील तपमान विचारले असता ती स्वतःच सांगतात. नवा पंखा बसविल्यावर तेवढाच वेळ थांबून, तशाच खोलीत, तीच मापे पुन्हा घ्यावीत. या परीक्षेच्या वेळी यंत्राचे झाकण लावलेलेच असले पाहिजे. झाकण काढले की घटक उघड्यावर येतात, म्हणून ते थंड राहतील असे वाटते. वास्तविक झाकण ही हवेच्या वाटेची एक भिंत असते, आणि ती नसली की वारा जवळच्या वाटेने पळून जातो. दोन्ही वेळच्या मापांतील फरक एक-दोन अंशांचा असेल तर सर्वसाधारण यंत्राच्या बाबतीत निश्चिंत राहावे. तो आठ-दहा अंशांचा असेल, तर तो पंखा कितीही मधुर असला तरी काढून ठेवावा.

यानंतर एखाद्या ज्ञात आणि विश्वसनीय विद्युत्दाबाचे माप घेऊन ते पूर्वीच्या नोंदीशी ताडावे. यंत्रावर प्रमाणीकरणाची मुद्रा असेल, तर पेटी उघडण्याने ती मोडते, हे आधीच ध्यानात घेऊन त्याचे पुन्हा प्रमाणीकरण करून घ्यावे. शेवटी एका कागदाच्या तुकड्यावर तारीख, नव्या पंख्याचे वर्णन आणि दोन्ही वेळची तपमाने लिहून तो तुकडा पेटीच्या आत चिकटवावा. दहा वर्षांनी ती पेटी उघडणारा कोणी वेगळाच असेल. त्याला या चार ओळींचा फार मोठा आधार वाटेल.

एका लहानशा पंख्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मापनयंत्राच्या स्वभावात आहे. रेडिओ बिघडला तर तो ऐकणाऱ्याला कळतो. दिवा बिघडला तर अंधार पडतो. मापनयंत्र किंचित बिघडले तर काहीच घडत नाही. ते पूर्वीच्याच रुबाबात आकडे सांगत राहते. त्या आकड्यांवर विसंबून कोणी रुग्णालयातील उपकरण दुरुस्त झाले असे ठरवितो, कोणी वीजवाहिनीचे संरक्षक साधन योग्य असल्याचा दाखला देतो, कोणी आगगाडीच्या सिग्नलची मंडले पारखतो. आपल्या देशात व्होल्टचे राष्ट्रीय मानक नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जपले जाते. या प्रयोगशाळेचे उद्घाटन १९५० साली झाले. तेथून निघालेली खरेपणाची साखळी प्रमाणीकरण करणाऱ्या प्रयोगशाळांतून एक-एक कडी जोडीत इंदूरच्या एखाद्या महाविद्यालयात वा हुबळीच्या एखाद्या गल्लीतील दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोचते. त्या साखळीची शेवटची कडी ज्याच्या टेबलावर असते, त्याला आपल्या खोलीत शांतता लाभावी, हे योग्यच आहे. यंत्राला जेवढा वारा हवा तेवढा राखून ती शांतता मिळविली, म्हणजे तंत्रज्ञाच्या कानांना विसावा मिळतो आणि त्याच्या आकड्यावर विसंबणाऱ्या अनोळखी माणसाचीही फसवणूक होत नाही.